शुक्रवारचे ठोके

या, जवळ या. त्या खांबापाशी बसलेल्या वहिनी, तुम्हीसुद्धा पुढे सरका. मांडी घालता येत नसेल तर पाय लांब करून बसा, देवाचं त्यावर काही म्हणणं नाही. आज एक गोष्ट सांगायची आहे. राक्षसांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या, पाठ झाल्या. आजची गोष्ट एका मायाळू बाईची आहे. हसू येईल तिथे मोकळेपणानं हसा. पुढे पुढे ते येणार नाही, तेव्हा आधीच हसून घ्या.

लालबागेत, मिरची गल्लीच्या तोंडाशी, एका मसालेवाल्याच्या दुकानावर पहिल्या मजल्याला डॉक्टर सुभद्रा पाटकरांचं प्रसूतिगृह आहे. एप्रिल लागला की खाली मिरच्या कुटायची यंत्रं धाडधाड सुरू होतात आणि वर येणारी प्रत्येक पोटुशी जिना चढता चढता पाच-सात वेळा शिंकते. बाई वरून ओरडतात, "शिंका गं, शिंका! बाळाला आत्तापासून कळू दे कुठे जन्माला यायचंय ते."

त्यांना सगळे बाईच म्हणायचे. एक्केचाळीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. ज्या पोरींना त्यांनी हातात घेतलं, त्यांची पोरंही त्यांनीच हातात घेतली. बाईंच्या हाताला गुण आहे असं शिवडीपासून भायखळ्यापर्यंत बायका शपथेवर सांगायच्या. डोहाळजेवणाचं बोलावणं आलं की बाई जायच्याच. पिशवीत खण, नारळ आणि पाच फळं घालून टॅक्सीतून उतरायच्या, गाणी म्हणायच्या, दोनदा श्रीखंड मागून घ्यायच्या.

बाईंचा एक रिवाज होता. चांगली बातमी पोटुशीला, वाईट बातमी घरातल्या मोठ्या बाईला. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरकी सुरू केली त्याच वर्षी एकीला त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं की बाळ गेलं. ती टेबलावरून उठली, पदर सारखा केला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. पुन्हा आली नाही. तिचं काय झालं हे बाईंना आजतागायत कळलेलं नाही. तेव्हापासून वाईट शब्द त्या पोटुशीच्या तोंडावर काढत नसत. सासूला, आईला आत बोलवायच्या, दार लावून सांगायच्या. मग ती मोठी बाई घरच्या बोलीत, डोक्यावरून हात फिरवत, जमेल तसं सांगायची.

आणि झाल्या गोष्टीनंतर बाई त्या पोरीजवळ बसून काहीबाही रचून सांगायच्या. तुझ्याकडून काही चुकलं नाही गं, त्याची नाळच नाजूक होती. तू केलंस त्यानं काही झालं नाही, ते आधीच ठरलेलं होतं. खरं किती, खोटं किती, कोण बघतं? बोलून माणूस बरं करणं हे बाईंचं दुसरं औषध, असं सगळं लालबाग कौतुकानं म्हणायचं.

तर एका शुक्रवारी दुपारी अक्षदा धुरी तपासायला आली. एकोणतीस वर्षांची, दादरच्या एका सहकारी बँकेत नोकरीला, बोलायला चटपटीत. आधी दोनदा तिसऱ्याच महिन्यात गेलं होतं. या खेपेला सातवा सरत आला होता आणि रविवारी डोहाळजेवण होतं. बरोबर सासू होती, मालन. मालनचा मुलगा, म्हणजे अक्षदाचा नवरा वैभवही याच खोलीत, याच टेबलावर जन्मला होता; आता तो शिवडीला गोदामात सुपरवायझर होता.

"बाई, आज जरा गप्पच आहे हो," टेबलावर आडवी होत अक्षदा म्हणाली. "काल दुपारपासून. परवा आईंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं, मी दोनदा घेतलं. रुसलं बहुतेक."

"तिखल्यावर रुसणारं पोर धुरींच्या घरी कशाला येईल?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र जवळ ओढलं.

यंत्राचा पडदा नेहमी बाईंच्या बाजूला वळवलेला असे. त्या पडद्यावरची इवलीशी उघडझाप त्यांनी हजारो वेळा पाहिली होती, आणि ती दिसली की मनातल्या मनात त्या देवाचं नाव घ्यायच्या. आज ते नाव घ्यायचं राहिलं. डोकं दिसत होतं. पाठीचा कणा दिसत होता, दोन्ही मुठी मिटलेल्या दिसत होत्या. छातीत काही हलत नव्हतं. त्यांनी हात खाली घेतला, डावीकडे घेतला, पुन्हा वर आणला. शेजारी डॉक्टर प्रिती कासारे उभी होती. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली, परळच्या सरकारी इस्पितळात शिकून आलेली, दोन वर्षं बाईंच्या हाताखाली. तिनंही पडदा पाहिला आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. बाईंनी डोळे वटारले. हात खाली आला.

"झोपलंय," बाई म्हणाल्या.

ठरवून म्हणाल्या असं नाही. एक्केचाळीस वर्षांची सवय, जीभ आपली चालून गेली.

"एवढं झोपतं?"

"आईवर गेलंय. बँकेत डुलक्या काढतेस ना काउंटरवर?"

अक्षदा खुदकन हसली. पोटावरचं चिकट जेल पुसत म्हणाली, "आमच्या मॅनेजरला सांगू नका हां बाई, तो बघतच असतो चान्स." आणि बाहेर जाऊन प्रितीनं कापून दिलेलं शहाळं पीत बसली.

मालन आत आली. तिनं बाईंचा चेहरा पाहिला आणि दार आतून लावून घेतलं.

"काय ता सांगा, बाई."

"गेलं गं मालन. कालच गेलं असणार."

मालन स्टुलावर बसली. रडली नाही. खाली मिरच्या कुटणं चालू होतं. मग ती म्हणाली, "परवा डोहाळजेवण आसा."

"मालन, मी काय सांगतेय—"

"कळला माका. बहिरी नाही मी." तिनं पदराचं टोक बोटाला गच्च गुंडाळलं. "सावंतवाडीची माणसं आज गाडीत बसलीत. मंडळाचा हॉल मिळालाय. फुलांचे दागिने दादरला सांगितलेत. पण त्याचं सोडा. बाई, आज सांगितलं तर पोर आज रडेल, सोमवारी सांगितलं तर सोमवारी रडेल. रडणं काय पळून जातंय? दोनदा गेलं तिचं, दोन्ही वेळा ओटीत एक नारळ पडला नाही. एक दिवस तिला नटू द्या. एकदा झोपाळ्यावर बसू दे. परत कधी बसेल, कोण सांगेल?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हे बघा, इथे त्यांना पाषाणहृदयी म्हणू नका. काळीज दगडाचं असतं तर त्यांनी त्याच क्षणी दार उघडून सांगितलं असतं.

"आणि वैभव?"

"त्याच्या तोंडावर सगळा वाचता येता. त्याला नको."

बाईंनी मनातल्या मनात तपासून पाहिलं. ताप नाही, अंगावरून काही जात नाही, ब्लडप्रेशर ठीक आहे. दोन-तीन दिवसांत तिच्या शरीराला सहसा काही होत नाही. डॉक्टरकीची हरकत नव्हती, आणि माया तर केव्हाची हो म्हणत होती.

"सोमवारी सकाळी घेऊन ये," त्या म्हणाल्या. "मधे ताप आला, पोटात दुखलं, तर तशीच उचलून आण."

मालन वाकून त्यांच्या पाया पडली.

ती गेल्यावर प्रिती म्हणाली, "मॅडम, पोट तिचं आहे."

"मला माहीत आहे कुणाचं आहे."

"ती इथेच होती मॅडम. हातभर अंतरावर. आपण तिला शहाळं पाजलं."

"सांगून पुढे काय करणार होतीस? तिच्या घरी राहायला जाणार होतीस?" बाईंचा आवाज चढला. "दोन पुस्तकं वाचून येता आणि वाटतं, खरं बोललं की आपलं काम संपलं. त्या पोरीला रविवारी हसताना बघायचं की भिंतीकडे तोंड करून पडलेली बघायचं? बोल ना."

"आमच्या घरात जे आहे ते सांगतात," प्रिती म्हणाली. "मला तेवढंच येतं."

"मग इथे नवीन शीक. फाईल दे."

फाईल अक्षदाबरोबर घरी जाणार होती, आणि बँकेतली पोर ओळ न ओळ वाचते. प्रितीनं पेन खाली ठेवलं. मग बाईंनी स्वतःच्या त्या सुरेख, गोल अक्षरात लिहिलं: शुक्रवार. बाळाचे ठोके चांगले, १४०.

"रविवारी या हं बाई," जिन्यावरून अक्षदा ओरडली. "तुम्ही आल्याशिवाय मी ओटी पसरणार नाही!"

शनिवारी संध्याकाळी बाई गिरगावात कीर्तनाला गेल्या. खोताच्या वाडीपासून दोन गल्ल्या सोडून एक लहानसं राममंदिर आहे, तिथल्या पहिल्या रांगेतली त्यांची जागा ठरलेली. बुवांनी ताटातूट झालेल्या मायलेकरांचं आख्यान लावलं होतं. झांजा वाजल्या, बुवांचा गळा भरून आला, सगळी सभा मुसमुसायला लागली, आणि बाई तर पदरात तोंड घालून रडल्या. ते रडणं खरं होतं, त्यात नाटकाचा कणही नव्हता. आरती झाली, प्रसादाची साखर जिभेवर पडली आणि त्यांना एकदम हलकं हलकं वाटलं. घात झाला तो तिथेच. शनिवारीच रडून झालं, आणि रविवारसाठी डोळे कोरडे राहिले.

रविवारी अकरा वाजता मंडळाचा हॉल बायकांनी गच्च भरला होता. मधोमध झोपाळा, त्याला झेंडू आणि अबोलीच्या माळा. हिरवी साडी नेसून, फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद, फुलांचा कंबरपट्टा घालून अक्षदा त्यावर बसली होती.

"जोरात द्या गं झोका! भात जेवला नाहीत का?" ती चाळीतल्या पोरींना ओरडत होती.

"अगो, खाली पडशील!"

"पडले तर दोघं पडू!"

सगळ्या हसल्या. झोपाळा छताकडे गेला.

मालनचा आवाज सगळ्या गाण्यांच्या वर होता. दारात कुणी आलं की तीच पुढे, गजरे वाटायला तीच, पुऱ्या गरम आहेत ना ते बघायला तीच. आणि मग फुगडी सुरू झाली तेव्हा मालननं स्वतः झोपाळ्यापाशी जाऊन अक्षदाचे दोन्ही हात धरले. "चल गो, सासूबरोबर एक गिरकी घे."

एरवी मालननं तिला जिनासुद्धा भरभर उतरू दिला नसता. दळणाचा डबा उचलला म्हणून महिनाभर बोलली असती. आज तिनं तिला ओढून उभी केली, कारण आता जपायचं काही उरलं नाही हे त्या हॉलमध्ये दोघींनाच ठाऊक होतं. एक मालन. आणि दुसऱ्या, खुर्चीवर बसून टाळ्या वाजवणाऱ्या बाई. दोन गिरक्या झाल्या. अक्षदा दम लागून हसत सुटली.

मग झाकलेल्या दोन वाट्या आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हा आपला जुना खेळ. अक्षदानं डोळे मिटून झाकण उचललं. बर्फी. पोरींनी शिट्ट्या मारल्या.

"मला माहीतच होतं," अक्षदा म्हणाली. "नावसुद्धा ठरवलंय. आरोही."

ओटी भरायला पहिल्या बाई उठल्या. अक्षदा त्यांच्यापुढे आली, वाकली, आणि वाकल्या वाकल्या, फक्त त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "बाई, गुरुवारपासून एकदाही हललं नाही. काल मी तासभर डाव्या कुशीवर झोपून बघितलं. मला खरं सांगा हं. प्लीज."

तिच्या डोळ्यांतलं काजळ थरथरत होतं. मालन दोन पावलांवर औक्षणाचं ताट घेऊन उभी होती; ताटातल्या ज्योतीवरून तिची नजर बाईंवर खिळली होती. मागे दीडशे बायका.

बाईंनी त्या पोटावर हात ठेवला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं, एवढ्या बायका कोकलतायत, त्यात कोण हलेल? कान देऊन गाणी ऐकतंय ते!"

हॉल हसला. अक्षदाच्या चेहऱ्यावरचा ताण असा सरकन उतरला की बाईंना क्षणभर वाटलं, आपण पुण्यच केलं.

"मग तिला पहिली हाक तुम्हीच मारा," अक्षदा म्हणाली. "तुमच्या हातावर येणार ती. ऐकतेय ना? सांगा तिला तिचं नाव."

"हो हो, बाई, सांगा!" पोरींनी गलका केला. मोबाईल वर झाले.

बाईंचे गुडघे आताशा वाकत नव्हते. दोघींनी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. त्यांनी त्या हिरव्या साडीशी तोंड नेलं, अबोलीचा वास नाकात शिरला, आणि त्या म्हणाल्या, "आरोही."

"ऐकू नाही आलं!" कुणीतरी ओरडलं.

"आरोही!" बाई मोठ्यानं म्हणाल्या. टाळ्या वाजल्या.

सोमवारी सकाळी तेच टेबल, तेच यंत्र. आज वैभवही आला होता, गोदामात सांगून. बाईंनी शुक्रवारसारखाच हात फिरवला. वर, खाली, डावीकडे. कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा फिरवला. जे ठाऊक होतं ते शोधल्यासारखं केलं. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी प्रिती केव्हाची हात धूत होती. नळ बंदच करत नव्हती.

"अक्षदा," बाई म्हणाल्या, "ठोके लागत नाहीत गं."

"म्हणजे?"

मालननं हंबरडा फोडला. त्यातून अक्षदाला कळलं.

तिनं एकच प्रश्न विचारला. "कधी?"

खरं सांगायला ही वेळ चांगली होती. पण फाईल तिच्याच उशाशी होती, कालच्या टाळ्या अजून कानात होत्या, समोर वैभव होता. "काल रात्री," बाई म्हणाल्या. "किंवा आज पहाटे. झोपेतच. तिला काही कळलंसुद्धा नसेल." शेवटचं वाक्य त्यांनी औषध म्हणून दिलं होतं.

"काल तर तुम्ही हात लावून बघितलंत ना, बाई?" वैभवनं विचारलं.

"बघितलं ना रे. काल ठीक होतं."

गोळ्या देऊन कळा आणल्या. मंगळवारी दुपारी अक्षदा बाळंत झाली. मुलगी होती. पाच दिवस आत राहिल्यामुळे तिची कातडी ठिकठिकाणी सुटली होती. हे कालचं नाही, असं कुठल्याही डॉक्टरनं एका नजरेत सांगितलं असतं. बाईंनी चटकन तिला पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं.

"दाखवा ना मला," अक्षदा म्हणाली.

"नको बाळा. मनात घर करून राहतं."

"मॅडम, ती मागतेय," प्रिती म्हणाली.

"नको म्हटलं ना!" हाही बाईंचा रिवाजच. वैभव आणि त्याचा काका ते गाठोडं घेऊन गेले आणि तासाभरात मातीला देऊन आले.

आता बुधवार. दुपारी भेटायच्या वेळेला बाई राउंड घ्यायला निघाल्या आणि अक्षदाच्या खोलीच्या दाराशी थबकल्या. पलंगाभोवती घरच्या बायका बसल्या होत्या. सावंतवाडीहून आलेल्या जाईबाई, मालनच्या चुलत सासू, बोलत होत्या.

"झोपाळो केवढो वर गेलो! तेव्हाच माझ्या काळजात चर्र झाला."

"आणि ती फुगडी?" दुसरी म्हणाली. "सातव्या महिन्यात फुगडी कोण घालतं?"

"शुक्रवारी बाईंनी तपासलं तोवर ठीक होतं म्हणजे बघा. त्यानंतरच काय ते झालं."

"फोटो काढले ना गावभर. दृष्ट तर लागलीच."

वैभव खिडकीशी उभा होता. तो वळला. तीन दिवस झोपलेला नव्हता. "फुगडी घालायला तुला कोणी सांगितलं होतं गं?" तो बायकोला म्हणाला. "एक दिवस गप बसवत नव्हतं तुला?"

अक्षदानं सासूकडे पाहिलं. बाईंनीही दारातून मालनकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. मी ओढली रे तिला, एवढंच. मालननं नाक पुसलं, मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मी नको नको म्हणत होते. ऐकता कोण? हिचो उत्साह."

अक्षदाचं तोंड उघडलं. मग मिटलं. ती म्हणाली, "हो. चुकलंच माझं."

बाईंना तेव्हा कळलं आपण काय केलं होतं ते. त्यांनी मरण दोन दिवस पुढे ढकललं होतं, एका पोरीनं नटावं म्हणून. आणि सरकवलेलं मरण नेमकं त्या पोरीच्या झोपाळ्याखाली, तिच्या फुगडीच्या गिरकीत येऊन पडलं होतं. शुक्रवारी ते कुणाचंच नव्हतं. रविवारनंतर ते तिचं झालं. आता बोललं तर एक्केचाळीस वर्षांचं नाव जाणार, मालनचं घर फुटणार. न बोललं तर ही पोर जन्मभर हे उरावर घेऊन जगणार.

हे मात्र बाईंच्या बाजूनं सांगायलाच हवं, की त्या आत गेल्या.

"फुगडीनं काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "झोपाळ्यानं नाही, कुणाच्या दृष्टीनं नाही. बाळ शुक्रवारी तपासलं तेव्हाच गेलेलं होतं. मला माहीत होतं. मालनला माहीत होतं. आम्ही दोघींनी लपवलं."

खाली मिरच्या कुटत होते. वैभवनं आईकडे पाहिलं.

मालन उठली. बाईंना वाटलं, आता ही कोसळणार. पण मालननं पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले आणि ओक्साबोक्शी रडत म्हणाली, "बघा, बघा ह्या माउलीचं काळीज! माझ्या सुनेच्या मनावरचं ओझं जावं म्हणून स्वतःवर घेतायत. माझं नाव घेतलंत ना बाई, घ्या. हिला बरं वाटणार असेल तर मीच मारलं म्हणा!"

"देवमाणूस गो," जाईबाईंनी डोळे पुसले.

"मी खरं बोलतेय!" बाई ओरडल्या. "प्रिती! अगं प्रिती, ये इकडे. सांग यांना."

प्रिती दारात आली. "शुक्रवारी ठोके नव्हते," ती म्हणाली. "मी बघितलंय."

"ही तर बाई सांगतील तेच बोलणार," मालन म्हणाली. "आणि काय गो, नव्हते तर शुक्रवारी तुझी वाचा बसली होती? शहाळं कापून तूच दिलंस ना हिच्या हातात?"

प्रिती दारातून एक पाऊल मागे सरली.

वैभवनं उशाखालची फाईल काढली, पान उलटलं. "शुक्रवार. बाळाचे ठोके चांगले, एकशे चाळीस." त्यानं फाईल बाईंपुढे धरली. "तुमचंच अक्षर आहे, बाई."

"ते मी खोटं लिहिलं रे."

त्यानं फाईल हळूच मिटली. म्हाताऱ्या, भ्रमिष्ट माणसाच्या हातातली वस्तू काढून घ्यावी तशी. "तुम्ही बसा बाई. पाणी आणतो."

लालबागेत ज्या औषधाचं एवढं कौतुक होतं, त्याचीच चव आता बाईंच्या खऱ्या शब्दाला लागली होती. तोंडं सगळ्यांची सुतकी होती, पण त्यांच्याकडे बघणाऱ्या प्रत्येक डोळ्यात माया होती. त्या मायेतून बाईंना वाट सापडेना. त्या पलंगाशी खाली बसल्या. या वेळी त्यांना धरायला कुणी आलं नाही.

"अक्षदा, तू तरी ऐक. तुझा काही दोष नाही. मी औषध म्हणून बोलत नाहीये गं. देवाशपथ."

अक्षदानं त्यांचा हात हातात घेतला. "बाई, मी तुम्हाला रविवारी विचारलं होतं. खरं सांगा म्हटलं होतं."

"हो."

"तुम्ही माझ्या पोटावर हात ठेवलात. खाली बसून तिला नावानं हाक मारलीत. दोनदा. ती तेव्हा नव्हतीच, आणि तुम्हाला माहीत होतं?"

"हो गं. माहीत होतं."

अक्षदासमोर दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे आपण एका झोपाळ्याच्या नादात आपलं लेकरू घालवलं. आणि दुसरी म्हणजे ज्या हातांवर अख्खं लालबाग डोळे मिटून विसंबलं, ते हात असे असतात. यातली पहिली तिला सोसण्यासारखी वाटली.

"एवढं दुष्ट कुणी असतं का, बाई?" ती म्हणाली. आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच ओठांवर थोडंसं हसू आणून तिनं बाईंच्या हातावर थोपटलं. "राहू दे. माझ्यासाठी एवढ्या खाली नका येऊ. मी काय केलं ते मला माहीत आहे."

गुरुवारी ती घरी गेली. प्रितीनं त्याच आठवड्यात नोकरी सोडली. आता ती भायखळ्याला एका दवाखान्यात बसते. बाई अजून तिथेच आहेत. त्या धुरींकडे तीनदा जाऊन आल्या. तिन्ही वेळा मालननं चहा केला, बशीत नानकटाई ठेवली, आणि अक्षदानं बाहेर येऊन बाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. चौथ्यांदा जायचं बाईंना धैर्य झालं नाही.

अक्षदा बँकेत जाते, घरचं सगळं करते. शेजारी कुणाचं डोहाळजेवण निघालं की आपणहून सांगते, मला नका बोलावू, माझा हात वाईट आहे. वैभव आता तिला बोलत नाही त्यावरून. ती स्वतःच स्वतःला बोलते.

बाबांनो, बायांनो, आता उठा, उशीर झाला. पण आज घरी जाऊन देवापुढे दिवा लावाल, आपल्या लेकीसुनांसाठी हात जोडाल, तेव्हा त्यांत अक्षदा धुरीचं नाव घ्या. तिच्या घरात कुणी मानत नाही, तीही मानत नाही. पण तिच्या हातून काही झालं नाही हे तुम्ही तरी आता जाणता. तिची आठवण ठेवा.